क्लाउडवर फाइल ठेवायची की अख्खं सॉफ्टवेअरच?

अकरा जणांच्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगच्या ऑफिसातले संगणक मी सांभाळते. त्याआधी नऊ वर्षं मी स्वतः ड्रॉइंगच काढत होते, त्यामुळे माउस अर्धा सेकंद मागे राहिला की हाताची काय घालमेल होते ते मला ठाऊक आहे. कुणी म्हणालं, "हे क्लाउडवर टाकून द्या," की मी आधी विचारते, काय टाकू? फाइल की सॉफ्टवेअर? दोन्हींना लोक क्लाउडच म्हणतात आणि निवड तिथेच चुकते.

गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह ही फाइल ठेवायची जागा, म्हणजे स्टोरेज. उघडायची म्हटली की फाइल तुमच्या संगणकावर उतरते, तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते आणि रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळा भार तुमच्याच यंत्रावर येतो. ॲप स्ट्रीमिंगचं उलट आहे. सॉफ्टवेअर दूरच्या सर्व्हरवर चालतं. इकडून फक्त कीबोर्ड-माउसच्या हालचाली जातात आणि तिकडून पडद्याचं चित्र व्हिडिओसारखं येत राहतं. ॲमेझॉन ॲपस्ट्रीम (आता त्याचं नाव वर्कस्पेसेस ॲप्लिकेशन्स), अझुर व्हर्च्युअल डेस्कटॉप, सिट्रिक्स ही त्यातली नावं. कल्पना जुनीच आहे. सिट्रिक्सचं विनफ्रेम १९९५चं, ड्रॉपबॉक्स लोकांच्या हातात आलं २००८ मध्ये.

हा फरक आधी डोळ्यांनी बघून घ्या. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन नेटवर्कचा आलेख समोर ठेवा. आता सिंक होणाऱ्या, म्हणजे क्लाउडवरच्या प्रतीशी आपोआप जुळत राहणाऱ्या, फोल्डरमधली एखादी मोठी फाइल सेव्ह करा. पाठवण्याची रेघ एकदम वर चढते, थोडा वेळ तशीच राहते आणि खाली बसते. त्यानंतर तुम्ही तासभर काम करा, सेव्ह करेपर्यंत तिथे फारसं काही हलत नाही. मग एखाद्या स्ट्रीमिंग सेवेच्या चाचणी खात्यात थ्रीडी मॉडेल उघडा. हात बाजूला ठेवलात तर रेघ जवळजवळ सपाट. मॉडेल फिरवायला घेतलंत की येणाऱ्या डेटाची रेघ उसळते, सोडलंत की बसते. फाइलचा एक तुकडाही तुमच्याकडे आलेला नसतो. मी नवीन माणसाला हे पाच मिनिटं दाखवते, मग बाकीचं समजावणं सोपं जातं.

आता निवडीकडे. सुरुवात सेवांच्या तुलनेपासून करू नका, आपल्या फाइलींपासून करा. एक फाइल एका वेळी किती जण उघडतात, हे लिहून काढा. पत्रं, पीडीएफ, फोटो, एकट्याने करायची ड्रॉइंग यांना स्टोरेज उत्तम. पण एकाच ड्रॉइंगवर दोघांचे हात पडत असतील तर जपून. आमच्याकडे एका इमारतीच्या पायाच्या प्लॅनवर दोघं एकाच दुपारी काम करत होते. एकाने कॉलम हलवला, दुसरीने सळ्यांचा तक्ता बदलला, दोघांनीही सेव्ह केलं. संध्याकाळी फोल्डरमध्ये दोन फाइली दिसल्या, एकीच्या नावापुढे 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं लागलेलं. कुणाचं काम गेलं नव्हतं, पण दोन्ही फाइली शेजारी ठेवून एकेक रेघ जुळवण्यात माझी रात्र गेली.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फाइल उघडताना त्याच फोल्डरमध्ये डीडब्ल्यूएल नावाची छोटी कुलूप-फाइल ठेवतं. ऑफिसच्या सर्व्हरवर ती दुसऱ्याला त्याच क्षणी दिसते आणि तो थांबतो. सिंक फोल्डरमध्ये मात्र प्रत्येकाकडे आपापली प्रत असते. कुलूप माझ्या प्रतीला लागलेलं, तुमच्या संगणकावर ते उशिरा पोचतं किंवा पोचतच नाही. ॲक्सेसचा डेटाबेस, आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा यांचं तर आणखी नाजूक. या फाइलींत सतत थोडं थोडं लिहिलं जात असतं आणि सिंक अर्धवट अवस्थेतली प्रत उचलू शकतं. त्या चालू असताना सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते. स्ट्रीमिंगमध्ये सॉफ्टवेअर आणि डेटा दोन्ही सर्व्हरकडेच असल्यामुळे कुलूप नेहमीसारखं काम करतं.

स्टोरेजच घेतलंत तर ड्रॉइंगमधले एक्सरेफचे, म्हणजे आत जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगचे, पत्ते 'रिलेटिव्ह' करून घ्या, म्हणजे ते मूळ ड्रॉइंगच्या फोल्डरपासून मोजले जातात. प्रत्येकाच्या संगणकावर सिंक फोल्डरचा पूर्ण पत्ता वेगळा असतो, त्यात बहुतेक वेळा त्याचं युजरनेम असतं. पत्ते पूर्ण राहिले तर ड्रॉइंग उघडतं, पण जोडलेलं निम्मं चित्र गायब.

दुसरी पायरी इंटरनेटची. इथे बहुतेक लोक एकच आकडा बघतात, डाउनलोडचा. स्टोरेजला तुमचा अपलोड लागतो. आमचं एक मॉडेल १८० एमबीचं आहे. २० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) अपलोडवर ते चढायला सव्वा मिनिटाच्या आत लागतं, कारण एक बाइट म्हणजे आठ बिट. पहिल्यांदा ४० जीबीचा सगळा जुना साठा चढवायला त्याच वेगाने साडेचार तास. ड्रॉपबॉक्स फाइलचे चार-चार एमबीचे तुकडे करून फक्त बदललेले तुकडे पाठवतं, त्याने रोजचा त्रास कमी होतो. पण काही सॉफ्टवेअर प्रत्येक सेव्हला अख्खी फाइल नव्याने लिहितात, तिथे हा फायदा मिळत नाही. आपल्या फाइलवर करून बघा, तेव्हाच कळेल.

स्ट्रीमिंगला वेगापेक्षा विलंब नडतो. क्लिक तिकडे जाऊन चित्र परत यायला किती मिलिसेकंद लागतात, ते बघायचं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मिलिसेकंद नुसत्या अंतरातच गेले. वर राउटर, चित्र पाठवण्यासाठी दाबून लहान करणं, इकडे उलगडणं. म्हणून खातं उघडताना सर्वात जवळचं डेटा सेंटर निवडा. सेवा ते बरेचदा विचारते आणि लोक न वाचता पुढे जातात. माझ्या हाताला चाळीस मिलिसेकंदांपर्यंत काही जाणवत नाही. ऐंशीच्या पुढे रेघ ओढताना टोक बोटामागून येतं. टायपिंग आणि तक्त्यांचं काम त्याहून जास्त विलंबातही चालून जातं. आकडा कमी असूनही चित्र अडखळत असेल तर आधी वाय-फाय सोडून केबल लावा. आमच्याकडे निम्म्या तक्रारी तेवढ्याने मिटल्या. डेटाचं मोजमाप असलेलं कनेक्शन असेल तर हेही लक्षात घ्या की पाच एमबीपीएसचं चित्र तासभर आलं तर सव्वादोन जीबी संपतात.

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. स्ट्रीमिंगमध्ये सेव्ह केलेलं नेमकं कुठे जातं? अशा बऱ्याच सेवांमध्ये प्रत्येक सत्राला, म्हणजे लॉग-इनपासून लॉग-आउटपर्यंत, सर्व्हरवर ताजं यंत्र मिळतं आणि सत्र संपलं की ते पुसलं जातं. आमच्या एका सहकाऱ्याने दुपारभर बीमची गणितं केली, सवयीने डेस्कटॉपवर सेव्ह केली आणि लॉग-आउट केलं. सकाळी डेस्कटॉप कोरा. ती फाइल कुठल्याच कचऱ्याच्या डब्यात नव्हती, कारण डब्यासकट यंत्रच गेलं होतं. त्याने ती गणितं पुन्हा केली, मी शेजारी बसून आकडे वाचून दिले.

म्हणून पहिल्याच दिवशी ही चाचणी करा. सत्रात दोन छोट्या टेक्स्ट फाइली बनवा, एक डेस्कटॉपवर, दुसरी सेवेने दिलेल्या कायमच्या फोल्डरमध्ये. टॅब नुसता बंद करू नका, व्यवस्थित लॉग-आउट करा. पुन्हा आत जाऊन बघा, कोणती उरली. ॲपस्ट्रीममध्ये असं होम फोल्डर ॲमेझॉनच्या एसथ्री साठ्यावर ठेवता येतं आणि ऑफिसच्या खात्याचं गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हही आत जोडता येतं. म्हणजे स्ट्रीमिंग घेतलं तरी स्टोरेज लागतंच. एक घेतलं की दुसरं सुटलं, असं होत नाही.

टॅब बंद करणं आणि लॉग-आउट करणं यांतला फरक बिलातही दिसतो. स्टोरेजचं भाडं जागेवर असतं. स्ट्रीमिंगचा हिशेब बरेचदा यंत्र जितके तास चालू राहिलं त्यावर होतो आणि टॅब बंद केला तरी यंत्र ठरलेल्या मुदतीपर्यंत वाट बघत चालूच राहतं. ती मुदत सेटिंगमध्ये जाऊन कमी करा, पण जेवायला उठलेल्या माणसाचं काम उडेल इतकी कमी नको.

छोट्या अडचणी भराभर सांगते. ब्राउझरमध्ये स्ट्रीम करताना कंट्रोल-डब्ल्यू दाबलं तर ड्रॉइंगमधली कमांड चालण्याऐवजी टॅब बंद होऊ शकतो, त्यामुळे सेवेचं स्वतंत्र ॲप असेल तर तेच वापरा. यूएसबी डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर, चालणारं सॉफ्टवेअर तिथे चालेल का ते आधी विचारून घ्या. दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालवायची परवानगी लायसन्समध्ये आहे का, हे लेखी मागा. प्लॉटरवर, म्हणजे मोठ्या ड्रॉइंगच्या प्रिंटरवर, प्रिंट काढून बघा.

नेट गेलं तर स्ट्रीमिंग तिथेच थांबतं. स्टोरेजवाला काम करत राहतो, पण फाइल खरोखर संगणकावर उतरलेली असेल तरच. वनड्राइव्हमध्ये नावापुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती उतरलेली नाही. साइटवर जाण्याआधी फोल्डरवर राइट क्लिक करून ती कायम संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडा. आणि सिंकला बॅकअप समजू नका. एकाने पुसलं की सगळीकडून पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यातही परत आणायला ३० दिवसच. महिन्याला एकदा वेगळ्या डिस्कवर प्रत काढा.

आमचं शेवटी असं ठरलं: पत्रव्यवहार, पीडीएफ आणि साइटचे फोटो स्टोरेजवर. जड मॉडेल आणि गणिताचं सॉफ्टवेअर स्ट्रीमिंगवर, कारण चार जणांचे लॅपटॉप ते पेलत नव्हते आणि चारही जण त्याच फाइली उघडत होते. ठरवण्याआधी मी सर्वात जुना लॅपटॉप आणि सर्वात भराभर ड्रॉइंग काढणारी मुलगी निवडली. तिला पूर्ण आठवडा खऱ्या कामावर बसवलं, कामाच्या ऐन गर्दीच्या तासांतही. ती अडली की वेळ आणि कारण वहीत लिहायची. सोमवारी अकरा नोंदी होत्या, त्यातल्या सात वाय-फायच्या. शुक्रवारी एकच नोंद होती, प्लॉटरची. त्यानंतर एकच चालू प्रकल्प हलवला आणि जुनं फोल्डर महिनाभर फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवलं.