कापसाच्या चुकाऱ्यात युरोप: कास्तकाराने सहल कशी आखावी

प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. पहिल्या खेपेला एवढी तीनच शहरे घ्या आणि त्यांना बारा दिवस द्या. पॅरिस न् स्वित्झर्लंड कुठे पळून जात नाही. 'बारा दिवसांत आठ देश' अशी पत्रके वाटणाऱ्यांचे ऐकू नका. त्यात अर्धा दिवस बसमध्ये जातो, रात्री शहराबाहेरचे हॉटेल मिळते आणि परत आल्यावर कोणता पूल कोणत्या गावचा हेच आठवत नाही.

ही तीन शहरे एका वाटेवर आहेत. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आसपास. रेल्वेची तिकिटे आधी काढली तर स्वस्त पडतात. प्राग आणि बुडापेस्टची खोली-जेवण पॅरिसपेक्षा बरेच कमी पैशांत होते, व्हिएन्ना तेवढे महाग आहे, म्हणून तिथे रात्री कमी ठेवा. विमान प्रागला उतरणारे आणि बुडापेस्टहून परतणारे बघा. शोधताना 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडला की असे तिकीट दिसते. मुंबईहूनचे दर आणि नागपूरहून दोहामार्गे जाणारे दर, दोन्ही पाहा. मुंबईच्या दरात तिथवरचे रेल्वेभाडे आणि एका रात्रीचा मुक्काम धरायला विसरू नका.

जायचे एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा मेच्या सुरुवातीला. कापूस-तूर विकून झालेली असते, पेरणीला वेळ असतो आणि तिकडे जुलै-ऑगस्टची गर्दी व गर्दीचे भाव सुरू झालेले नसतात. घरातल्या लग्नांच्या तारखा आधी विचारून घ्या. संत्र्याची बाग असेल तर पाण्याला भरवशाचा माणूस ठेवून निघा.

इथवरचे काम एका संध्याकाळचे आहे. खरा घाम निघतो तो व्हिसाच्या फाइलीत, माझाही तिथेच निघाला होता. कारण कागदपत्रांच्या सगळ्या याद्या पगारदार माणसासाठी लिहिलेल्या असतात. सॅलरी स्लिप, साहेबाचे रजापत्र, फॉर्म सोळा. कास्तकाराकडे यातले काहीच नसते.

आधी नियम. प्रागचा चेकिया, व्हिएन्नाचा ऑस्ट्रिया आणि बुडापेस्टचा हंगेरी हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. अर्ज कुठे करायचा हे मात्र आपल्या मर्जीवर नाही. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा, आणि दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. 'अमुक देश लवकर देतो, तिथून काढून टाकू' असे सांगणारा भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज घेतात, पंधरा दिवस उरले की घेत नाहीत. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण पंचेचाळीसपर्यंत ताणू शकतात. म्हणून एप्रिलच्या प्रवासाचा अर्ज फेब्रुवारीतच टाका. मोठ्या माणसाची फी 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांची 45, आणि अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. नकार आला तरी फी परत मिळत नाही. प्रवासातल्या आजारपणाच्या विम्याचे संरक्षण किमान 30,000 युरोंचे हवे. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. बहुतेकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागते, तेव्हा वेळ घेतल्याबरोबर विदर्भ एक्स्प्रेसचे किंवा अमरावती एक्स्प्रेसचे आरक्षण करा.

आता पैशाचा पुरावा. फाइल तपासणाऱ्याला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: पैसा तुमचाच आहे ना, आणि तुम्ही परत येणार ना. पगारदाराच्या खात्यात महिन्याला ठरलेली रक्कम पडते. आपल्या खात्यात आठ महिने खडखडाट असतो आणि डिसेंबरात एकदम चुकारा येतो. बाहेरच्या माणसाला ती उसनी आणून ठेवलेली रक्कम वाटते. यावर एजंट लोक जो उपाय सांगतात तो सगळ्यात घातक: 'सोयऱ्याकडून चार लाख घ्या, आठ दिवस खात्यात ठेवा.' बाप्पा, संशय ज्याचा येतो तेच हे! असे अजिबात करू नका.

करायचे ते असे. खात्यातल्या प्रत्येक मोठ्या जमेसमोर एक कागद उभा करा. कापसाचा चुकारा असेल तर जिनिंगची किंवा खरेदी केंद्राची काटापट्टी, सोयाबीन-तुरीची अडत्याकडची हिशेबपट्टी, बाग व्यापाऱ्याला ठोक्याने दिली असेल तर सौदाचिठ्ठी. व्यापारी रोख देतो म्हणाला तर नाही म्हणा, खात्यावर मागा. घरातल्या कपाटातला पैसा फाइलीत दिसत नाही. बँकेचे स्टेटमेंट किमान तीन महिन्यांचे लागते, मी सहा महिन्यांचे लावायला सांगतो, कारण हंगाम त्यातच दिसतो. त्यावर शाखेचा शिक्का घ्या.

सोबत सातबारा आणि आठ-अ लावा, दोन्हींचे इंग्रजी भाषांतर करून. परत यायचे कारण म्हणून सातबाऱ्यासारखा कागद नाही. जमीन वडिलांच्या नावावर आणि प्रवास मुलाचा असेल, तर वडिलांचे 'खर्च मी करतो' असे पत्र, त्यांचे स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा जोडा. नावांची स्पेलिंगे आत्ताच तपासा. सातबाऱ्यावर 'रामराव', आधारवर 'रामरावजी', पासपोर्टवर नुसते 'राम' असा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. त्यासाठी नोटरीचे प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

आयकराचे विवरणपत्र हा सगळ्यात दुर्लक्षित कागद. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, म्हणून आपण ते भरतच नाही. कर शून्य असला तरी भरा आणि जायच्या दोन-तीन वर्षे आधीपासून भरा. शेतीचे उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-1 हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही, हे गावातल्या फॉर्म भरणाऱ्याला बजावून सांगा. उत्पन्नाचा दाखला लावत असाल तर आकडा खरा हवा. पोराच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला लाखाच्या आतला दाखला आणि सहा लाखांची जमा एकाच फाइलीत बसली, तर दोन्ही खोटे दिसतात.

शेवटी एका पानाचे पत्र इंग्रजीत. किती एकर, कोणते पीक, पैसा कोणत्या महिन्यांत येतो, पेरणी जूनमध्ये असल्याने मेच्या अखेरीआधी परतणे का भाग आहे, आणि कोणत्या रात्री कोणत्या शहरात. साधे लिहा, इंटरनेटवरचे फुलोरे नकोत. हॉटेल फुकटात रद्द होणारेच घ्या. विमानाचे आरक्षण खरे हवे. पाचशे रुपयांत खोटा पीएनआर देणारे फिरतात, तिकडे बघू नका. पैसे भरून पक्के तिकीट व्हिसा आल्यावरच काढा.

व्हिसा हातात आला की बाकीचे सोपे आहे. ऑस्ट्रियात युरो, प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट चालते. रस्त्यावरच्या बदली दुकानांत नोटा बदलू नका, बँकेच्या एटीएममधून काढा. मशीनने 'रुपयांत हिशेब करू का' असे विचारले तर नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा. ट्राम-मेट्रोचे कागदी तिकीट यंत्रात घालून छाप मारून घ्या. छाप नसेल तर खिशात तिकीट असूनही दंड होतो.

फुकट बघण्यासारखे भरपूर आहे: प्रागचा चार्ल्स पूल, ज्याचे बांधकाम 1357 साली सुरू झाले, 1410 पासूनचे खगोलीय घड्याळ, व्हिएन्नात शोनब्रुन राजवाड्याची मुख्य बाग. पैसे एखाद्या ठिकाणीच मोजायचे असतील तर बुडापेस्टच्या सेचेन्यी गरम पाण्याच्या कुंडांवर मोजा. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधले झऱ्यांचे पाणी येते, बाटल्या विकत घेऊ नका.

खोली स्वयंपाकघरवाली बघा, म्हणजे रात्रीचा वरण-भात घरचा. तांदूळ तिथल्या किराणा दुकानात मिळतो. इथून तूरडाळ, तिखट, जवसाची चटणी न्या. तूप, पेढे, खवा, मटणाचे काहीही नेऊ नका, दूध-मांसाचे पदार्थ युरोपात आत नेता येत नाहीत. संत्रीही नकोत. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि ते नसेल तर तुमची नागपुरी संत्री विमानतळावरच काढून घेतात.