हतनूरच्या जलाशयात गाळाची बेटं आणि चक्रवाक टिपताना

भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात फोटोसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोन्यासारखा. सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी पूर्वेकडच्या काठावर पोहोचा, म्हणजे उजेड पाठीशी राहतो.

बेटांच्या रुंद दृश्याला एफ/८ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), आयएसओ १०० (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) आणि ट्रायपॉड. क्षितिज सरळ ठेवा. पाणी तिरकं झालं की फोटो गेलाच.

उडत्या चक्रवाकाला, म्हणजे त्या नारिंगी बदकाला, शटर १/१६०० सेकंदापेक्षा संथ नको, नाहीतर पंखांची टोकं पुसट होतात. आयएसओ ऑटोवर सोडा. पांढरा बगळा गडद पाण्यावर असेल तर कॅमेरा फसतो, पिसांचा तपशील उडतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत शिरणारा उजेड, ०.७ स्टॉपने कमी करा.

होडीत ट्रायपॉड उघडूच नका, लाकडाची थरथर थेट लेन्समध्ये उतरते. कॅमेरा हातात, कोपरं बरगड्यांना टेकलेली. पक्ष्यांनी चरणं थांबवून माना ताठ केल्या की वल्हं तिथंच थांबवायचं. थव्याला उडवून मिळवलेला फोटो आम्ही चांगला मानत नाही.

ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी कितीही महागड्या लेन्सने धूसरच येतो. तेव्हा जवळचं टिपा: गाळावर उमटलेली शेकाट्या या लांब पायांच्या पाणपक्ष्याची तीन बोटांची पावलं, तिरप्या उन्हात.