आमदाराचे चरित्र लिहिण्याआधी निवडणुकांचा तक्ता कसा करावा

नेत्याच्या पंचाहत्तरीला गौरव अंक निघतो, निधनानंतर स्मरणिका. दोन्हींत आठवणी भरपूर असतात. पण माणूस कोणत्या साली, कुठून, कोणाविरुद्ध आणि किती मतांनी निवडून आला हे धड सापडत नाही. ‘सलग पाच वेळा’ असे एकाने लिहिले की पुढचे सगळे तेच उतरवतात. म्हणून मजकुराला हात घालण्यापूर्वी तक्ता करावा.

रकाने सात: वर्ष, सभागृह, मतदारसंघ, पक्ष, स्वतःची मते, मुख्य प्रतिस्पर्धी व त्याची मते, निकाल. पराभवाची ओळ गाळू नये. कारकिर्दीला वळण बहुधा तिथेच लागलेले असते. महाराष्ट्र विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुका 1962, 1967, 1972, 1978, 1980, 1985, 1990, 1995, 1999, 2004, 2009, 2014, 2019 आणि 2024 या सालच्या. आकडे निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालातून घ्यावेत, वर्तमानपत्रातल्या मतमोजणीच्या दिवशीच्या बातमीतून नव्हे. तिथे फेऱ्यांचे आकडे अर्धवट असतात.

1962 पूर्वीची माणसे शोधताना हमखास गोंधळ होतो. 1952 मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि विदर्भ मध्य प्रदेशात. वसंतराव नाईक त्या वर्षी पुसदमधून मध्य प्रदेश विधानसभेवर गेले, मुंबईच्या नव्हे. 1957 चा निकाल द्विभाषिक मुंबई राज्याच्या अहवालात मिळतो. शिवाय या दोन्ही निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्य होते: दोन विजयी, मतदाराला दोन मते. तिथे मतांची टक्केवारी आजच्या हिशेबाने काढली की ती चुकलीच. ‘दुसरी विधानसभा’, ‘तिसरी विधानसभा’ असे नुसते लिहू नये, साल द्यावे. 1957 ला मुंबई राज्यात निवडून आलेल्यांचेच सभागृह 1960 नंतर महाराष्ट्राचे पहिले धरले जाते, त्यामुळे 1962 ची दुसरी. हे ठाऊक नसलेला वाचक एका निवडणुकीने चुकतो.

दुसरी मोठी गळती पोटनिवडणुकांची. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात त्या नसतात, वेगळ्या शोधाव्या लागतात. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, हे सर्वश्रुत आहे. पण नुसते सार्वत्रिक निकाल मोजले तर दहाच भरतात: 1962, 1967, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009, 2014. अकरावी ओळ 1974 च्या पोटनिवडणुकीची. 1972 आणि 1995 ला ते हरले होते, म्हणजे ‘सलग’ हा शब्द त्यांनाही लागू होत नाही. बेरीज जुळेपर्यंत तक्ता पुरा झाला असे मानू नये.

मतदारसंघाचे नाव त्या वेळचे लिहावे. 2008 च्या पुनर्रचनेनंतर 2009 पासून बरीच नावे आणि हद्दी बदलल्या. आर. आर. पाटील 1990 ते 2004 तासगावचे आमदार, 2009 आणि 2014 ला तासगाव-कवठेमहांकाळचे. जयंत पाटील आधी वाळव्याचे, मग इस्लामपूरचे. माणूस हलला नाही, नकाशा हलला. जिल्ह्यांचेही तसेच. यशवंतराव चव्हाण 1913 मध्ये देवराष्ट्रे येथे जन्मले तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. लातूर 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते. ‘तेव्हाचा अमुक, आताचा तमुक’ एवढे दोन शब्द कंसात टाकले की भांडण मिटते.

पक्षाच्या रकान्यात ‘काँग्रेस’ एवढेच लिहिणे 1978 च्या बाबतीत निरुपयोगी आहे, कारण त्या वर्षी दोन काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या. पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) ही आघाडी होती, पक्ष नव्हता. त्या काळच्या आमदारापुढे त्याचा खरा पक्ष लिहावा आणि पुलोदचा उल्लेख मजकुरात करावा. पक्षांतराची नोंद निवडणुकीच्या ओळीत न कोंबता तारखेसह वेगळी ठेवावी.

विधान परिषदेची ओळ लिहिताना मार्ग सांगायलाच हवा. 78 जागांपैकी 30 आमदारांतून, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांतून, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून प्रत्येकी 7, तर 12 राज्यपालनियुक्त. नियुक्त सदस्याला ‘निवडून आले’ म्हणणे ही नेहमीची चूक. मंत्रिपदाचेही बारकावे आहेत: उपमंत्री, राज्यमंत्री आणि कॅबिनेट मंत्री एकाच ओळीत ‘मंत्री’ म्हणून घालू नयेत. खाते आणि शपथविधीची तारीख सोबत हवी, कारण त्याच मंत्रिमंडळात मधेच खाती बदलतात.

नुसते ‘सभापती’ लिहिले तर पंचायत समितीचे, बाजार समितीचे, जिल्हा परिषदेच्या विषय समितीचे की विधान परिषदेचे, हे कळत नाही. जिल्हा परिषदा 1 मे 1962 पासूनच्या. त्याआधीचे पद सांगितले जात असेल तर ते बहुधा जिल्हा लोकल बोर्डाचे. साखर कारखाना आणि जिल्हा बँकेतील पदे वार्षिक अहवालावरून पडताळावीत. संस्थापक, मुख्य प्रवर्तक आणि चेअरमन या तीन वेगळ्या भूमिका आहेत, आणि कार्यकर्ते तिन्ही आपल्या नेत्याला बहाल करून मोकळे होतात.

मालमत्ता आणि गुन्ह्यांसाठी उमेदवारी अर्जासोबतचे शपथपत्र पाहावे. विधानसभेला ते 2004 पासून मिळते. त्यात स्वतःची, पती किंवा पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता वेगवेगळ्या रकान्यांत असते, ती सरमिसळ करू नये. दोन शपथपत्रांतली वाढ लिहिताना नवी खरेदी किती आणि जुन्याच जमिनीचा वाढलेला बाजारभाव किती, हे वेगळे करावे. प्रलंबित खटला, आरोप निश्चित झालेला खटला आणि शिक्षा हे तीन टप्पे आहेत; तारखेसह जसेच्या तसे उतरवावेत, विशेषणे लावू नयेत.

जन्मतारीख 1 जून असेल तर थोडे थांबावे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख असू शकते. ‘शालेय नोंदीनुसार’ असे लिहावे आणि घरच्यांकडे दुसरी नोंद असेल तर तीही द्यावी.

सभागृहातली कामगिरी शोधायची तर विधिमंडळाच्या कार्यवाहीत अधिवेशनाचे साल आणि विषय धरून शोधावे. वर तक्ता तयार असला की कोणत्या वर्षांचे खंड काढायचे आणि कोणते मागायचेच नाहीत, हे आधीच ठरलेले असते.