प्रोसिजरल जनरेशन करताय? मग या चुका टाळा

प्रोसिजरल जनरेशन म्हणजे लेव्हल्स हाताने न बनवता कोडकडून बनवून घेणं; तो कोड म्हणजे जनरेटर. गेम बनवायला नुकती सुरुवात केलेल्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये ‘अनंत’ हा शब्द हमखास असतो. अनंत जग, अनंत लेव्हल्स, प्रत्येक वेळी नवा गेम. अजून एकही लेव्हल हाताने बनवलेली नसते. लेव्हल बनवायचा कंटाळा म्हणून जनरेटर लिहायला घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. चांगली खोली कशी असते हे तुम्हालाच माहीत नसेल, तर कोडला काय शिकवणार?

आकड्याला वैविध्य समजणं

2016 मध्ये आलेल्या ‘नो मॅन्स स्काय’मध्ये 2 चा 64वा घात इतके ग्रह होते, म्हणजे 18 वर 18 शून्यं दिली तरी थोडे उरतातच. तरीही अनेक खेळाडूंची तक्रार एकच होती: ग्रह नवा, पण तिथे जाऊन करायचं तेच. प्रोसिजरल जनरेशनवर काम करणाऱ्या केट कॉम्प्टन यांनी या अडचणीला 10,000 वाट्या ओटमीलची उपमा दिली आहे. प्रत्येक वाटीतले दाणे वेगळे पडलेले असतात, गणिताच्या हिशेबाने एकही वाटी दुसरीसारखी नसते, आणि खाणाऱ्याला मात्र सगळ्या सारख्याच लागतात.

खेळाडूचा निर्णय बदलला तरच त्याला फरक जाणवतो. खडकाचा रंग बदलून निर्णय बदलत नाही. गोळ्या संपत आल्या असताना पुढची वाट अरुंद पुलावरून गेली, तर बदलतो. म्हणून मी आधी चौकटीच्या वहीत दहा-बारा लेव्हल्स काढायला लावतो. जनरेटर तयार झाला की त्याचे वीस नमुने एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी लावायचे. लांबून पाहून ते वेगळे ओळखू येत नसतील तर नवा स्लायडर (आकडा कमी-जास्त करायची पट्टी) जोडायचा नाही, नवी खोली हाताने काढायची.

1984 च्या ‘एलिट’ या गेममध्ये 8 आकाशगंगा होत्या, प्रत्येकीत 256 ग्रह, आणि हे सगळं 32 केबी मेमरीच्या बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरवर. तो बनवणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांना त्याच सूत्रातून कितीतरी पट जास्त आकाशगंगा काढता येत होत्या. पण आकडा अफाट झाला की जगाचा कृत्रिमपणा उघडा पडेल, असं प्रकाशकांचं म्हणणं पडलं. मला ते आजही शंभर टक्के पटतं.

लेव्हल पूर्ण करता येते का, हे न तपासणं

एका गेम जॅममधल्या (ठरावीक वेळात गेम बनवायच्या स्पर्धेतल्या) टीमचा डंजन, म्हणजे खोल्या-खोल्यांचा भूलभुलैया, दिसायला देखणा होता. कुलूपबंद दारं रँडम, किल्ल्याही रँडम. मुलांनी भरपूर खेळून पाहिलं होतं. डेमोच्या वेळी परीक्षकांच्या वाट्याला नेमकी अशी लेव्हल आली की लाल दाराची किल्ली लाल दाराच्याच मागे. परीक्षक बराच वेळ फिरले आणि कंट्रोलर खाली ठेवला. “आमच्याकडे असं कधीच झालं नव्हतं,” मुलं म्हणाली, आणि ते खरंच होतं.

सीड म्हणजे रँडम आकड्यांची रांग जिथून सुरू होते तो आकडा; सीड तोच, तर रांगही तीच. बग शोधायला बसलो तर सीड घड्याळावरून घेतलेला, कुठेही नोंद नाही. सीड ठरावीक केला, तरी प्रत्येक वेळी डंजन वेगळाच. घोडं पेंड खात होतं ते भलतीकडेच. युनिटी या गेम इंजिनचा रँडम क्लास स्टॅटिक असतो, म्हणजे सगळ्या स्क्रिप्ट्स एकाच रांगेतून आकडे उचलतात. यांच्या खोल्या खेळाडू पुढे जाईल तशा बनत होत्या, आणि मार बसला की कॅमेरा हलवणारी स्क्रिप्टही त्याच रांगेतून आकडे घेत होती. मार किती बसला यावर पुढचा नकाशा ठरायचा!

लेव्हलसाठी स्वतंत्र रँडम ऑब्जेक्ट ठेवा, त्याला कॅमेऱ्याने किंवा शत्रूने हात लावायचा नाही. सीड स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम दिसू द्या. मी तो रिलीजनंतरही पॉज मेनूत ठेवतो, कारण तक्रार करणारा खेळाडू स्क्रीनशॉटबरोबर बगही पाठवतो. किल्ली ठेवताना ते दार न उघडता पोहोचता येतील अशाच खोल्यांतून निवड करा. मग लेव्हल सुरू होण्याआधी प्रवेशापासून फ्लड फिल चालवा, म्हणजे पाण्यासारखं मोकळ्या जागेत पसरत जाऊन कुठवर पोहोचता येतं ते कोडकडून तपासून घ्या.

त्याहून चांगलं म्हणजे ‘स्पेलंकी’ या गेमची रीत. तो बनवणाऱ्या डेरेक यू यांनी 4 बाय 4 खोल्यांच्या चौकटीत प्रवेशापासून दारापर्यंतची वाट आधी आखली, मग प्रत्येक जागी हाताने काढलेल्या साच्यांतून खोली बसवली. वाट सापडण्याची हमी पहिल्या पायरीलाच मिळते. रँडमपणा उरलेल्या जागेत हवा तेवढा खेळू दे.

बाकीच्या, थोडक्यात

दुर्मीळ वस्तूसाठी निव्वळ फासा टाकू नका, कोणाला तीन मिळतील, कोणाला एकही नाही. पत्ते पिसून वाटावेत तशा वाटा.

गोष्टीतलं महत्त्वाचं पात्र जनरेटरवर सोडू नका.

व्हिडिओ पाहून पर्लिन नॉइज (रँडम पण सलग चढ-उतार देणारं सूत्र) उतरवला म्हणजे जग तयार झालं, असं समजू नका. एका नॉइजमधून सगळीकडे सारख्याच टेकड्या निघतात. ‘माइनक्राफ्ट’चा भूप्रदेशही एकावर एक रचलेल्या अनेक नॉइजमधून येतो, आणि त्यातल्या गावांची घरं माणसांनी बांधलेली आहेत. तुमच्या टेकड्यांमध्ये निदान एक तरी जागा हाताने बांधा, आणि खेळाडू तिथे थांबतो का ते त्याच्या मागे उभं राहून बघा.