फोंड्याहून लिस्बनला निघताना

फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांतून लिस्बनला शिकायला निघालेल्या मुलांचा एक समज असतो: पोर्तुगाल म्हणजे जरा लांबचं मडगाव. पाव ओळखीचा, आडनावं ओळखीची, घरांचे रंग पणजीच्या फोंतेन्हासमध्ये पाहिलेले. मग तयारी कशाची करायची? पण आपल्या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेल्या या तालुक्यांतल्या, हिंदू घरांत पोर्तुगीज राजवट आली ती दाखल्यांवर आणि कराच्या पावत्यांवर. मिरची, बटाटा, काजू सोडले तर स्वयंपाकघरात ती फारशी शिरली नाही. जर्मनीला निघालेला मुलगा सगळं परकं असणार हे धरूनच बॅग भरतो, आपला मात्र अर्ध्या ओळखीवर विसंबतो. तेव्हा यादी अगदी अनोळखी देशाला निघाल्यासारखीच करा.

कागदांपासून सुरुवात करू, कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. जन्मदाखला, दहावीचं सर्टिफिकेट, पदवी आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवा आणि नाव एकेक अक्षर लावून वाचा. आईवडिलांची नावंही तशीच वाचा. गोव्यातल्या जुन्या दाखल्यांवर नाईक हे आडनाव क्यू घालून लिहिलेलं असतं, प्रभूंचं पोरोब झालेलं असतं. इथे कोणी त्याकडे बघत नाही, बाहेर मात्र त्यावर अर्ज अडतो. फरक सापडला तर दुरुस्ती आधी आणि व्हिसाचा अर्ज नंतर. मग पदवी आणि दाखले परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल करून घ्या, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात मानला जाणारा शिक्का मारून घ्या. भारत आणि पोर्तुगाल दोघेही हेग करारात असल्यामुळे तो शिक्का तिथे चालतो. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसकडून मिळतो.

तिकडे पोचल्यावर रहिवासाची कामं आयमा या संस्थेकडे असतात. ऑक्टोबर २०२३मध्ये ती सेफ या जुन्या संस्थेच्या जागी आली, म्हणून त्याआधी गेलेल्या चुलतभावाचा सल्ला प्रेमाने ऐका आणि पुन्हा तपासा. निफ नावाचा कर-क्रमांक पहिल्या आठवड्यातच काढायचा. भाडेकरार आणि बँक खातं दोन्हीकडे तो मागतात. घरातलं कोणीतरी ‘जातेच आहेस तर जन्मनोंदही करून टाक’ असं सांगणार हे नक्की. ती नोंद म्हणजे पोर्तुगालचं नागरिकत्व घेणं, ते प्रकरण वेगळं आहे. भारताचा कायदा दोन नागरिकत्वं मानत नाही, त्यामुळे शिक्षणाच्या व्हिसाच्या घाईत त्या वाटेला जाऊ नका.

आता खाण्याची बॅग. इथे आईचं प्रेम आणि युरोपचे नियम समोरासमोर येतात. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे घरचं कढवलेलं तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचं काहीच नाही. ताजी फळं, भाज्या आणि पाला यांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे मानकुराद आंबा आणि कढीपत्ता दोन्ही घरीच राहणार. त्यातून सुटलेली मोजकी फळं म्हणजे अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. मासळीचा नियम उलट सैल आहे, स्वतःपुरती वीस किलोपर्यंत चालते. थोडक्यात, लिस्बनच्या विमानतळावर तुपाची बरणी गुन्हेगार आणि सुके बांगडे निर्दोष. (सुक्या मासळीला तीन प्लास्टिकच्या पिशव्या घाला. कपडे त्याच बॅगेत असतात.) सुकं खोबरं मात्र नेऊ नका, ते तेलकट आणि पेट घेणारं, म्हणून विमानतळावरच अडवतात.

जागा कोणाला द्यायची? सोलं, तिरफळं, घरचा मसाला, गोडा मसाला, हिंग. एवढंच. डाळी, तांदूळ, मोहरी, हळद, बेसन या गोष्टी लिस्बनमध्ये मार्तिम मोनिझ चौकाच्या आसपासच्या बांगलादेशी, भारतीय आणि चिनी दुकानांत मिळतात. तूर डाळ फोंड्याहून उचलून नेणं म्हणजे हमाली. सोलं आणि तिरफळांचं तसं नाही. तिरफळं संपली तर चिनी दुकानातली सिचुआन मिरी आणा, ती त्याच कुळातली आहे. बांगड्याच्या उडदमेथीत वास थोडा बदलतो, पण निभावतं. तीन लिटरचा कुकर न्या आणि तो इंडक्शनवर चालणारा आहे ना ते बघून घ्या. मिक्सरही चालेल, वीज तिथेही २३० व्होल्टचीच आहे, फक्त आपली तीन जाड पिनांची प्लग तिथे बसत नाही म्हणून अडॅप्टर हवा. आणि वाटप रात्री अकराच्या आत करा. अकरा ते सकाळी सात शांततेची वेळ असते आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाई पोलिसांना फोन करू शकतात.

बॅग भरली म्हणजे तयारी झाली असं समजून सगळे थांबतात. खरी तयारी इथून पुढची, आणि ती घरी बसून, विमानात चढण्याआधी करायची: आपण काय खाणार आणि काय खाणार नाही हे ठरवणं. सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, पाळणार का? श्रावणाचं काय? गोमांस नको हे ठाम असेल तर डुकराचं चालेल का? अंडं? उत्तर कोणतंही असो, ते स्वतःचं आणि पक्कं असू द्या. भुकेल्या पोटी, रांगेत उभं राहून, मागे दहा माणसं असताना हा निर्णय होत नाही. घरच्यांशीही एकदा बोलून घ्या, म्हणजे पुढे व्हिडिओ कॉलवर ताट लपवावं लागणार नाही.

कारण तिथलं जेवण मांसाला वेगळ्या खणात ठेवत नाही. काल्दु व्हेर्द हे हिरव्या पाल्याचं आणि बटाट्याचं सूप दिसायला अगदी सोवळं, पण त्यात शोरीसु या डुकराच्या सॉसेजची चकती तरंगत असते. फेज्वादा म्हणजे आपल्या उसळीसारखं घेवड्याच्या दाण्यांचं कालवण असावं असं वाटतं, त्यात डुकराचे तऱ्हेतऱ्हेचे भाग असतात. ‘कार्ने नको’ म्हटलं तरी हॅमचा तुकडा येऊ शकतो, म्हणून मासे, हॅम, सॉसेज असं एकेक नाव घेऊन नको म्हणा. मेनूवर व्हाका आणि व्हितेला म्हणजे गाय आणि वासरू, पोर्कु डुक्कर, फ्रांगु कोंबडी. पेरू दिसला म्हणून फळाच्या आशेने मागवू नका, तो टर्की पक्षी असतो. मिठायांत अंड्याचा बलक सढळ हाताने असतो आणि काहींत डुकराची चरबीही. शाकाहाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट: २०१७च्या कायद्याने सरकारी कँटीनमध्ये, विद्यापीठांच्याही, प्राण्यांपासूनचं काहीच नसलेला एक पर्याय ठेवावाच लागतो. चव बेताची असते, पण सोमवार पार पडतो.

मासे खाणाऱ्याला मात्र फार जड जात नाही. बाकाल्याव, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड, दुकानात फळीसारखा उभा रचलेला असतो. खाऱ्याचा वास ज्याला घरचा आहे त्याला तिथे नाक धरावं लागणार नाही. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा, मग शिजवायचा. जूनमध्ये तारल्यांच्या भावंडांचा, सार्डिनींचा हंगाम येतो आणि रस्त्यावर निखाऱ्यांवर त्या भाजतात. लसूण-कोथिंबीर घातलेल्या तिसऱ्या मिळतात. युरोपात इतरत्र फारशी न दिसणारी कोथिंबीर इथे जुडीने मिळते, हे मला पोर्तुगालचं सगळ्यात मोठं सौजन्य वाटतं. फक्त कालवणाची अपेक्षा ठेवू नका. मासा भाजलेला, वर मीठ आणि ऑलिव्ह तेल, बाजूला उकडलेला बटाटा. पहिल्यांदा फिका लागतो. चार-पाच वेळा खा आणि मग मत बनवा. तोवर हुमण घरी करता येतंच. बसल्या बसल्या टेबलावर येणारा पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत न्यायला सांगा.

थंडीचं थोडक्यात. लिस्बन गरम असतं असं सगळे सांगतात आणि उन्हाळ्यात ते खरंही आहे. पण जुन्या इमारतींत हीटिंग नसतं, डिसेंबर-जानेवारीत भिंतींना ओल येते आणि घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा वाटतो. खोली बघताना खिडकी, ऊन आणि बुरशी बघा. स्वयंपाक करायची परवानगी आहे का हेही तेव्हाच विचारा, फोडणी दाखवूनच विचारलं तर उत्तम.

भाषा सहा महिने आधी सुरू करा. मोबाइलवरची बरीच ॲप्स ब्राझीलचा उच्चार शिकवतात. लिस्बनची माणसं अर्धे स्वर गिळून बोलतात. त्यामुळे शिकताना युरोपियन पोर्तुगीजचा आग्रह धरा. दुकानात शिरताना आधी ‘बों दिय’ म्हणायचं, मग काम सांगायचं. स्पॅनिश येत असेल तर ती झाकून ठेवा.

फोनची वेळ घरच्यांना लिहूनच द्या: हिवाळ्यात आपण साडेपाच तास पुढे, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. तातडीसाठी ११२ आणि दुखण्याखुपण्याच्या सल्ल्यासाठी एसएनएस या सरकारी आरोग्यसेवेची लाइन ८०८ २४ २४ २४, हे दोन्ही नंबर साठवून ठेवा.

तिकीट काढताना पंचांग उघडा. वर्ग सप्टेंबरात सुरू होतात आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, बहुतेक वेळा तिथेच आसपास येते. पहिल्या वर्षी गणपतीवरच्या फळापानांच्या माटोळीखाली बसणं जमेल असं धरू नका. लिस्बनच्या उत्तर भागात राधाकृष्णाचं मोठं देऊळ आहे, मुख्यतः मोझांबिकमधून आलेल्या गुजरात्यांनी उभं केलेलं. आरती त्यांच्या चालीची, प्रसाद त्यांच्या पद्धतीचा. तरी जा. आणि नेवऱ्यांत (करंज्यांत) भरायला लागणारं सारण मुंबईच्या विमानात बसण्याआधी आजीकडून शिकून घ्या, कारण फोनवर ती ‘अंदाजानं घाल’ एवढंच सांगते.