माळा उतरवायच्या आधीची तयारी

माळा, दिवाणाखालचा खण, मागची पडवी आणि जिन्याखालचा कोपरा मे महिन्यात रिकामा करायचा ठरवला असेल, तर पहिलं काम शिडी आणायचं नाही, फोन करायचं आहे. भंगारवाला, रद्दीवाला आणि जुन्या गाद्या-कपडे नेणारा, तिघांचा दिवस आणि वेळ पक्की करा. मगच वरची पहिली पेटी खाली घ्या. २०२१ साली आमच्याकडे नेमकं हेच राहिलं. निवडून झालं, पोती भरली, तोंडं सुतळीनं शिवली, आणि न्यायला कोणी सांगितलेलंच नव्हतं. पोती पडवीत बसली. आठवड्याभरात दोन-चार परत उघडली, "हे राहू दे गं" करत निम्मं सामान पुन्हा माळ्यावर चढलं आणि उरलेलं जुलैअखेर पाण्यात भिजलं. म्हणून या यादीत बाकी काही विसरलात तरी चालेल, न्यायला येणारा माणूस आधी ठरवा.

मे महिनाच का, तर सांगलीत गावभाग, खणभाग, मारुती रोड, टिळक चौक या पुराच्या भागात राहणाऱ्याला ते सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णा नदी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५५ च्या आसपास. पाणी दाराशी आलं की हातात काही तास असतात, आणि त्या तासांत घरातलं माणूस काय उचलतं ते मी दोनदा पाहिलंय. जे समोर दिसतं ते उचलतं. समोर असतात ते रिकामे डबे, तुटक्या खुर्च्या आणि जुन्या वह्यांचे गठ्ठे. कामाची वस्तू त्यांच्या मागे असते. अडगळीचा खरा खर्च तिथं कळतो. दिवाळीच्या साफसफाईवर हे काम ढकलू नका, तोवर पावसाळा उलटून गेलेला असतो. आणि मे महिन्यातसुद्धा गच्चीवर काही वाळत घालाल तर दुपारनंतर आभाळाकडे लक्ष ठेवा, वळीव सांगून येत नाही.

भंगारवाल्याला फोन केला? नसेल तर इथंच थांबा आणि करा. दर दोघांना तरी विचारा. लोखंड, पत्रा, पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांचे दर वेगवेगळे असतात, सगळं एकत्र "भंगार" म्हणून दिलंत तर तांब्याचा बंब लोखंडाच्या भावात जातो. तांब्या-पितळेची मोड भांड्यांच्या दुकानात नेली तर बहुतेक वेळा भाव बरा मिळतो. वजन आपल्यासमोर करायला लावा. वेळ शक्यतो दुपारी चारची द्या, सकाळची नको, कारण सकाळी तुमची निवड झालेली नसणार. गादीवाला मिळाला नाही तर महापालिकेच्या आरोग्य विभागात आधी चौकशी करा. गाद्या आणि मोठं लाकूड रोजच्या घंटागाडीत चालत नाही, ती माणसं बिचारी कुठं ठेवणार? गादी ओली झाली की तिचं वजन इतकं वाढतं की दोघांनाही हलत नाही. २०१९ च्या पुरानंतर सांगलीच्या गल्ल्यागल्ल्यांत दाराबाहेर अशाच गाद्यांचे ढीग होते. नको असलेल्या वस्तूसाठी तिथं तीनदा राबावं लागलं. आधी ती वर चढवा, मग तिच्यावरचा चिखल धुवा, आणि शेवटी ती उचलून न्यायला मजुरी मोजा. त्यापेक्षा आज कोरडी द्या.

घरातल्या थोरल्यांना आठवडाभर आधी सांगा. त्यांच्या पाठीमागे काहीही टाकू नका, हे मी फार मनापासून सांगते. सासूबाईंच्या माहेरची घागर तुमच्यासाठी पितळ असेल, त्यांच्यासाठी नाही. "आई, या पेटीतलं कुठलं ठेवायचं ते तुम्ही सांगा, बाकीचं आम्ही बघतो," असं विचारलं की त्या स्वतःच दहातल्या सात वस्तू बाजूला काढतात. न विचारता काढलंत तर पुढची दहा वर्षं ऐकाल, आणि ते ऐकणं रास्तच असेल.

शिडी, मास्क, हातमोजे, पोती, सुतळी, जाड मार्कर. हे सगळ्यांना कळतं, पुढं चला. फक्त एक: माळ्यावरच्या जुन्या लाकडांत आणि विटांत विंचू असतो, हात घालण्याआधी काठीनं हलवा.

आता कागद. यांना वेगळा दिवस द्या, भंगाराच्या दिवशी कागदांना हात लावायचाच नाही. रद्दीच्या गठ्ठ्यातून काय जातं ते गेल्यावरच कळतं. आमच्याकडं जुन्या पंचांगांच्या थप्पीत एक खाकी पाकीट निघालं. वर "लाईट बिलं" असं लिहिलेलं, आत चार-पाच बिलं होती आणि त्यांच्या मध्ये दुमडलेली मुदत ठेवीची पावती, कडा कसरीनं खाल्लेल्या, रक्कम मात्र स्वच्छ वाचता येत होती. मुदत संपून बरीच वर्षं झालेली. बँकेतली ठेव दहा वर्षं कुणी विचारली नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडं जाते. बुडत नाही, मूळ बँकेकडं अर्ज करून परत मागता येते, पण त्यासाठी ती आहे हे आधी कळायला हवं. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, त्यावर नावानं शोध घेता येतो. शेअरचंही तसंच. सात वर्षं सलग लाभांश कुणी घेतला नाही तर तो लाभांश आणि त्यासोबत शेअरसुद्धा केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीत वर्ग होतात, आणि ते सोडवायला कागद जमवताना जीव मेटाकुटीला येतो. वडिलांनी किंवा सासऱ्यांनी घेतलेली कागदी शेअर प्रमाणपत्रं सापडली तर लॅमिनेशन करू नका, घडी मोडून तशीच प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि लगेच जाणकाराला दाखवा.

प्रत्येक पाकीट उघडून बघा. प्रत्येक वही झटकून बघा. पोथीच्या पानांतसुद्धा बघा, आपल्याकडं पैसे आणि पावत्या पोथीत ठेवायची सवय जुनी आहे. मग तीन पिशव्या करा. एकीत घराचं खरेदीखत, प्रॉपर्टी कार्ड, वारसाचे कागद, विमा पॉलिसी, ठेवींच्या पावत्या, जन्म-मृत्यूचे दाखले. ही पिशवी जाड प्लॅस्टिकची, झिपची, दाराच्या मागच्या खुंटीला लावता येईल अशी, आणि घरातल्या प्रत्येकाला ती कुठं आहे ते माहीत हवं. पुरानंतर पंचनाम्याला आधार, रेशनकार्ड, पासबुक मागतात, त्यांच्या प्रतीही यातच. दुसऱ्या पिशवीत चालू वर्षाचे कागद, फ्रिज-मिक्सरची वॉरंटीची बिलं. बिल सापडत नाही म्हणून वॉरंटीतली दुरुस्ती पदरच्या पैशानं करणारी घरं मी कमी पाहिलेली नाहीत. तिसरीत रद्दी. सातबाऱ्याच्या जुन्या प्रतींचे गठ्ठे जपू नका, डिजिटल सहीचा सातबारा आता १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. हातानं लिहिलेले जुने फेरफार मात्र ठेवा, वाद निघाला तर तेच कामाला येतात. आणि आधार, पॅनच्या झेरॉक्स अख्ख्या रद्दीत देऊ नका, फाडा, बारीक फाडा.

रद्दीवाल्याची वेळ ठरली आहे ना? कारण रद्दीची पिशवी घरात एक रात्र राहिली तरी कुणीतरी त्यातून जुना दिवाळी अंक काढून वाचत बसतं.

भांड्यांकडं वळा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची वाणं हा आपल्या घरातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात न दिसणारा ढीग आहे. प्लॅस्टिकचे ट्रे, चहाची गाळणी, छोट्या वाट्या, साबणाच्या डब्या, वर्षाला दहा-पंधरा घरांतून एकेक. देणारीनं प्रेमानं दिलेलं असतं म्हणून टाकवत नाही, आणि वापरायला घरात आधीच सहा असतात. नवीकोरी असतील ती अंगणवाडीत किंवा कामाला येणाऱ्या मावशींना विचारून द्या. विचारून, हे महत्त्वाचं, आपली अडगळ दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नाही. येत्या संक्रांतीला वाण म्हणून गूळ, शेंगदाणे किंवा आपल्या सांगलीची हळद द्या, महिन्याभरात संपून जाते. आहेराच्या ब्लाऊजपीसांचंही हेच, इकडून तिकडं फिरत राहतात आणि पेटीत पिवळी पडतात. झाकण नसलेलं मिक्सरचं भांडं आणि भांडं नसलेलं झाकण, दोन्ही भंगारात.

जागेचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा, मग हात पटपट चालतो. १० बाय १० ची खोली म्हणजे १०० चौरस फूट. चौरस फुटाला ४००० रुपये दर धरला तरी ती ४ लाखांची जागा झाली, आणि तीत काय आहे तर मोडका पाळणा, बंद पडलेला कूलर आणि लग्नातल्या मिठाईची खोकी. शिवाय सापडत नाही म्हणून दुसऱ्यांदा घेतलेल्या वस्तू. पाना, टॉर्च, एक्स्टेन्शन बोर्ड, राखीची पाकिटं, पाहुण्यांची चादर. निवडताना अशा जोड्या एका बाजूला मांडा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा, बोलायची गरज पडत नाही.

कपडे आणि वाकळी. चांगल्या सुती साड्यांच्या वाकळी शिवून घ्यायच्या असतील तर शिवणारी आजच ठरवा आणि आजच साड्या तिच्याकडं पोचवा. "कधीतरी शिवू" म्हणून ठेवलेल्या गाठोड्यांत उंदीर पिलं घालतात. ठेवायचं लोकरीचं आणि रेशमी कपड्यांचं सामान धुऊन, कडक वाळवून, मगच बंद करा. दमट राहिलं तर डांबरगोळ्यांचा काही उपयोग नाही. पुठ्ठ्याची खोकी भिंतीला टेकवून ठेवू नका, जुन्या मातीच्या भिंतीतून वाळवी पहिल्यांदा तिथंच शिरते.

विजेच्या वस्तू वेगळ्या. जुने मोबाईल पुसून रिकामे करा, सिमकार्ड काढा. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पडवीत ठेवू नका, तिच्यात शिसं आणि ॲसिड असतं. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो, किंमतीतून वजावटही देतो. ट्यूब आणि सीएफएल फोडू नका, आत पारा असतो. वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळे द्या. मुदत संपलेली औषधं मोरीत ओतू नका, गोळ्या पट्टीतून काढून पट्टी कापा, नाहीतर ती पट्टी कुणी उचलून वापरतं.

गच्ची आणि परस. जुने टायर, फुटक्या कुंड्या, झाकण गेलेले बॅरल, नारळाच्या करवंट्या पावसाआधी गेल्याच पाहिजेत. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, ती अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात आणि पहिल्या पावसात फुटतात. आठ-दहा दिवसांत डास तयार. टायर भंगारवाला नेतो का ते फोनवरच विचारून घ्या, सगळे नेत नाहीत. बघा, परत फोनवरच आलो. याचसाठी म्हणते, आधी विचारा, आधी ठरवा, नाव आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आदल्या संध्याकाळी आठवण करा. तो येत नाही म्हणाला तर माळा उतरवायचा दिवस पुढं ढकला, सामान खाली काढून ठेवू नका.

प्रत्यक्ष दिवशी: एका वेळी एकच जागा. पोत्याचं तोंड शिवल्यावर उघडायचं नाही, मुलांनाही सांगून ठेवा. "नक्की नाही" असा ढीग एकच, आणि तो एका पेटीत मावेल एवढाच. त्यावर तारीख घाला, पुढच्या मेपर्यंत उघडला नाही तर जाऊ द्या. पैसे आले की घरातल्या ज्यानं घाम गाळला त्याला द्या.

परत लावताना जड आणि न भिजणारं खाली, हलकं आणि भिजून वाया जाणारं वर. फोटोंचे अल्बम वरच, ओले झाले की पानं एकमेकांना चिकटतात आणि सुटत नाहीत. पेटीवर आत काय आहे ते बाहेरून मोठ्या अक्षरांत लिहा. नवे डबे, नवी कपाटं लगेच आणू नका. दिवाणाखाली झाडू फिरेल एवढी जागा ठेवा.

त्या दिवशी घरी स्वयंपाक ठेवू नका. सकाळी भडंग आणि चहा, दुपारी बाहेरून झुणका-भाकरी, आणि अंघोळीला बंबभर गरम पाणी.