सहल-पुस्तिकेत काय भरायचं, काय गाळायचं

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या गळ्यात पहिल्याच वर्षी सहलीची पुस्तिका पडते. ती बहुतेक वेळा तीस-चाळीस पानांची होते. निम्म्याहून जास्त पानं इतिहासाची, मुखपृष्ठावर किल्ल्याचं छान चित्र, आणि मुलींना वाटेत स्वच्छतागृह कुठे मिळणार हे एकाही पानावर नाही. मग स्टाफरूममध्ये चेष्टा होते, ‘बाई, एवढं बारीक कोण वाचणार?’ बारीक लिहिण्याला आमची हरकत नाही, उलट हवंच आहे. फक्त ते तिथे हवं, जिथे उभ्याउभ्या कुणाला तरी काहीतरी ठरवायचं असतं: बस थांबली, आता उतरायचं की बसून राहायचं? डबा आता खायचा की वर जाऊन? बाई दिसत नाहीत, मग काय करायचं? जन्मतारखा आणि सनावळ्या पाठ्यपुस्तकात आहेतच.

पुण्यातल्या शाळांची ठरलेली एक दिवसाची सहल घेऊ: शिवनेरी आणि लेण्याद्री, इयत्ता पाचवी ते सातवी. मुलं ७६, शिक्षक ८, सोबत शिपाईमामा आणि मावशी. एसटीच्या दोन बस. गाडी ४४ आसनांची धरली तर प्रत्येकीत ३८ मुलं, ४ शिक्षक आणि एक मदतनीस, म्हणजे ४३. एक जागा मुद्दाम रिकामी ठेवायची, ज्याला मळमळेल त्याला पुढे आणून बसवायला.

परवानगीची कागदपत्रं आधी उरकून टाका: शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे अर्ज, मार्गाचा तक्ता, नावांची यादी, पालकांची संमतीपत्रं. एसटीचा प्रासंगिक करार, म्हणजे अख्खी बस भाड्याने घेण्याचा करार, शाळेच्या लेटरहेडवर आगार व्यवस्थापकांकडे करायचा. शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत असते. डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळा रांगेत असतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी तारीख धरावी. गाडी थांबवून ठेवण्याचे पैसे आणि भाड्यासाठी धरले जाणारे किमान किलोमीटर लेखी विचारून घ्या, नाहीतर हिशेबाच्या वेळी वर्गणी कमी पडते. यातलं काहीही पुस्तिकेत छापायचं नाही.

पुस्तिका एक नसते, तीन असतात. मुलांची १६ पानांची. शिक्षकांची प्रत हवी तेवढी जाड करा, चाळीस पानं झाली तरी कुणाचं बिघडत नाही. आणि पालकांसाठी एकच पाठपोट पान. नवे शिक्षक तिन्ही एकत्र छापतात, तिथेच घोळ सुरू होतो. कुणाला दमा आहे, कुणाला फिट येते, कोण अंथरूण ओलं करतं, ही माहिती फक्त शिक्षकांच्या प्रतीत, तीही गटप्रमुखापुरती. मुलांच्या हातात गेलेली यादी नारायणगाव यायच्या आत अख्ख्या बसला पाठ झालेली असते.

आता वेळापत्रक. सर्वांत जास्त वेळ इथे घालवा, कारण नव्या माणसाचं वेळापत्रक फोनवरच्या नकाशावरून केलेलं असतं. नकाशाला एसटीत बसलेली ३८ मुलं माहीत नसतात. नाशिक फाटा, भोसरी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि मग जुन्नर, असा साधारण ९५ किलोमीटरचा रस्ता. चाकणचा चौक सकाळी सातच्या आत ओलांडला तर ठीक. कारखान्यांच्या पहिल्या पाळीच्या गर्दीत सापडलात तर तिथेच अर्धा तास जातो. म्हणून शाळेत जमायची वेळ ५:४५, बस हलायची ६:१५. मुलांच्या पुस्तिकेत फक्त ५:४५ छापा. दोन्ही वेळा छापल्या की पालक ६:१४ ला मुलाला आणून सोडतात.

थांब्याचा हिशेब कागदावर करायचा. समजा ३६ मुली आहेत आणि हॉटेलच्या आवारात चार शौचकूपं आहेत. प्रत्येकीला दोन मिनिटं धरा. चारचारच्या नऊ फेऱ्या, म्हणजे १८ मिनिटं, तेही रांग सरळ चालली तर. वेळापत्रकात मात्र ‘चहा-नाश्ता व स्वच्छतागृह: १५ मिनिटे’ असं लिहिलेलं असतं, आणि तिथून पुढचा दिवस घसरत जातो. एका बसने आधी नाश्ता करावा, दुसरीने आधी स्वच्छतागृह, असं केलं की ४५ मिनिटांत दोन्ही नीट होतं. मुलांच्या पुस्तिकेतलं हे पान असं असावं:

‘पान ५. नारायणगाव. बस थांबल्यावर जागेवरच बसून राहा. बाई गटाचं नाव घेतील तेव्हाच उतरा. बॅग बसमध्ये, पाण्याची बाटली गळ्यात. बस क्र. १: आधी नाश्ता. बस क्र. २: आधी स्वच्छतागृह. रस्ता ओलांडायचा नाही, पलीकडे काहीही असलं तरी.’

शेवटचे चार शब्द छापायला लाज वाटते, पण तेच लागतात. पलीकडे नेमका उसाच्या रसाचा गाडा असतो.

पुढचं गणित असं. शिवनेरीच्या पायथ्याशी १०:१५. पायऱ्यांची चांगली वाट आहे, सात दरवाजे लागतात. मोठा माणूस पाऊण तासात वर जातो. ७६ मुलांच्या रांगेला सव्वा तास लागतो, कारण रांग सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालते. म्हणून त्या मुलाला शेवटी नव्हे, पुढून तिसरा ठेवायचा. शेवटी ठेवलं की मधे फट पडते आणि एकाच सहलीच्या दोन सहली होतात. वर दीड तास, उतरायला पाऊण, म्हणजे पायथ्याशी पावणेदोन. जेवण अडीचपर्यंत. तीनला लेण्याद्री, पाचच्या आत परतीला. संध्याकाळी चाकण पुन्हा आडवं येतं. पालकांच्या पानावर ‘परत येण्याची वेळ रात्री ८ ते ९’ असं लिहा. फक्त ‘८ वाजता’ लिहिलंत तर ८:०५ पासून फोन सुरू.

शिक्षकांच्या प्रतीत एक वेळ लाल अक्षरात हवी: ‘२:४५ पर्यंत जेवण उरकून बस हलली नाही तर लेण्याद्री रद्द.’ हे घरी, शांत डोक्याने ठरवायचं. पायथ्याशी ठरवायला गेलं की ‘एवढ्या लांब आलोय तर’ हे वाक्य कुणीतरी बोलतंच आणि दमलेल्या मुलांना तीनशेच्या आसपास पायऱ्या धावत चढाव्या लागतात. ओझर जवळ आहे, नाणेघाटही आहे, खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीणही नारायणगावपासून फार लांब नाही. मोह होतो. पण खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, भेटीची आगाऊ परवानगी लागते, रेडिओ लहरींत व्यत्यय येतो म्हणून मोबाइल बंद ठेवावे लागतात. ती वेगळी सहल आहे. तिसरं ठिकाण घातलेली एक दिवसाची सहल म्हणजे खिडकीतून पाहिलेलं जुन्नर.

शिवनेरीच्या पानावर जन्मदिवसाची कथा पुन्हा सांगू नका. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पाचवीचं पोर झोपेत सांगतं. त्याऐवजी तिथे गेल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असे प्रश्न द्या. सातपैकी कोणत्या दरवाज्यापाशी वाट सरळ येते, कोणत्यापाशी वळून? दोन्हीतलं कोणतं दार राखायला सोपं? गंगा-जमुना टाक्यांत पाणी कुठून येतं असं वाटतं? लेण्याद्रीला तर आयता प्रश्न आहे. गिरिजात्मज गणपती सातव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे, मुळात तो बौद्ध भिक्षूंचा विहार. सभोवती वीस खोल्या, मधे भलंमोठं दालन. ‘दालनात खांब किती?’ असं विचारा. मुलं दोनदा मोजतात, एकमेकांशी भांडतात, मग कुणीतरी वर बघतं. एकही खांब नाही. मग ‘छत पडत का नाही?’ हा प्रश्न त्यांचा त्यांनाच सुचतो. तो छापायचा नाही. असे पाच-सहा प्रश्न पुरेत. वीस दिले की मुलं लेणी बघत नाहीत, पुढच्याच्या वहीतलं उत्तर बघतात. आणि बसमध्ये लिहायचं एकही काम नको. हलत्या गाडीत मान खाली घालून लिहिलं की उलट्या ठरलेल्या.

उलट्यांवरून आठवलं ते सांगून टाकतो: सकाळी दूध नको, हलकी पोळी किंवा बिस्किटं चालतील, आवळासुपारी नाहीतर आलेपाक खिशात. कागदाच्या पिशवीचा तळ ओला होऊन सुटतो, जाड प्लॅस्टिकचीच पिशवी हवी. गोळी द्यायची तर पालकांनी नाव घालून दिलेलीच, लेखी सूचनेसह. शिक्षकाने स्वतःच्या पर्समधली द्यायची नाही. उन्हाने गळून गेलेल्या मुलासाठी ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळायचं, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रत्येक बसमध्ये पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे चार जार ठेवा. ३८ मुलांना माणशी दीड लिटर म्हटलं तरी ५७ लिटर होतात, आणि हात धुवायला कुणीतरी तेच पाणी वापरतं.

डब्याच्या पानावर पदार्थांची नावं लिहा. ‘कोरडा खाऊ आणावा’ याचा अर्थ प्रत्येक घरी वेगळा लावतात. दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, पोळीचा रोल, शेंगदाण्याची चटणी चालेल. दहीभात आणि ओल्या नारळाची चटणी नको, दुपारपर्यंत आंबते. वेफर्सच्या पुड्यांना लेण्याद्रीला सक्त मनाई, कारण तिथली माकडं प्लॅस्टिकचा आवाज ओळखतात. मूल पुडी सोडत नाही, माकडही सोडत नाही, आणि मग नख लागतं. पायऱ्या चढताना हातात काहीच नको, बाटलीसुद्धा पाठीवर.

धोक्याचं पान एकच करा आणि त्यावर चित्रं काढू नका. शिवनेरीच्या कड्यांना आग्या मोहोळाची पोळी लागतात. त्यामुळे सहलीच्या दिवशी अत्तर, डिओ, सुवासिक तेल बंद. दगड मारायचा नाही, धूर करायचा नाही. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं कापडाने झाकून, हात न झटकता, आल्या वाटेने लांब जायचं. ओरडत कड्याकडे धावणं हा खरा धोका. माश्यांपेक्षा तो मोठा. कठड्यावर बसून फोटो नाही, तटावर चढणं नाही. बिबट्याबद्दल प्रत्येक वर्गात विचारतात, जुन्नर म्हटलं की विचारणारच. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे हे सांगा, आणि एक ओळ छापा: ‘दिवसा, गटाने, वाटेवरून चालायचं, झाडीत एकट्याने जायचं नाही, लघवीलासुद्धा.’ त्याखाली १०८ (रुग्णवाहिका), ११२ (आपत्कालीन मदत) आणि १०९८ (चाइल्डलाइन) हे तीन क्रमांक. बास.

मोजणी कशी करायची यावरही एक चौकट हवी. डोकी मोजू नका. डोकी मोजल्यावर एक कमी आहे एवढंच कळतं, कोण ते कळत नाही, आणि मग सगळ्यांना पुन्हा खाली उतरवून हजेरी घ्यावी लागते. प्रत्येक मुलाला बसमधला क्रमांक द्या, १ ते ३८, आणि ज्याने त्याने आपला क्रमांक मोठ्याने म्हणायचा. सतरानंतर एकोणीस आलं की अठरा कोण हे सगळी बस सांगते. आधीच्या दिवशी वर्गात दोनदा घोकून घ्या. पहिल्यांदा दोन मिनिटं लागतात, नंतर पन्नास सेकंदांत होतं. जोड्या लावण्याची पद्धत एकटी पुरत नाही, कारण जिवलग मैत्रिणींची जोडी हरवते तीही जोडीनेच, आणि कुणीच तक्रार करत नाही.

चुकल्यावर काय करायचं हे मुलांच्या पुस्तिकेत मुलाच्या भाषेत: ‘जिथे आहेस तिथेच थांब. शोधायला जाऊ नकोस. आम्ही मागे येतो.’ शोधायला गेलेलं मूल आणि त्याला शोधायला गेलेले सर वेगवेगळ्या वाटांनी फिरत राहतात. मलपृष्ठावर शाळेचं नाव आणि सहलीसाठी ठेवलेला एक मोबाइल क्रमांक. मुलाचं नाव आतल्या पानावर. बाहेर ठळक नाव असलं की कुणीही अनोळखी माणूस त्याला नावाने हाक मारू शकतो.

छपाई शेवटच्या दिवशी ठेवू नका. ए-४ कागद मधोमध दुमडून पुस्तिका होते, म्हणून पानं चारच्या पटीतच हवीत. १६ पानांना चार कागद, ९० प्रतींना ३६०. पाचशेच्या एका रीममध्ये भागतं. मुखपृष्ठाला जाड कागद वेगळा घ्या, सकाळच्या दवात साधं मुखपृष्ठ नऊच्या आत लोळागोळा होतं. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेली फाइल दुकानातल्या संगणकावर भलतीच अक्षरं दाखवते, म्हणून पीडीएफच न्या. पाठपोट छापताना कागद आखूड बाजूने उलटेल अशी सेटिंग हवी. लांब बाजूने उलटला की मागची पानं उलटी येतात आणि ३६० कागद रद्दीत जातात. आधी एक प्रत काढून, दुमडून, पानं क्रमाने उलटून बघा. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही, लांब दांड्याचा लागतो. अप्पा बळवंत चौकात मिळतो, झेरॉक्सवाल्यांकडेही बहुधा असतो. कोपऱ्याला भोक पाडून दोऱ्याने पेन्सिल बांधा. पेन नको, शाई घामाने पसरते.

परतीच्या बसमध्ये, मुलं झोपली की, शिक्षकांनी आपापल्या प्रतीत पेन्सिलीने खऱ्या वेळा लिहायच्या: नाश्त्याला प्रत्यक्षात किती लागली, कोणत्या हॉटेलच्या नळाला पाणी नव्हतं, कोणता प्रश्न कुणालाच कळला नाही. दुसऱ्या दिवशी आठही प्रती गोळा करून त्यातली एक दुरुस्त प्रत सहलीच्या फाइलमध्ये लावा. मुखपृष्ठावर शैक्षणिक वर्ष ठळक टाका, कारण पुढच्या वर्षी हे काम ज्याच्या गळ्यात पडेल तो फाइल उघडून पहिली सापडेल ती पुस्तिका झेरॉक्सला पाठवणार.